पाण्याच्या पानावरचा हात

कुमासी, १४ जानेवारी

प्रिय सेरवा,

उदंड आयुष्याची हो. इथे सगळे ठीक. उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय, वाळत घातलेले कपडे धुळीने लाल होतात. आईचा गुडघा कुरकुरतोच आहे, तरी फुफूसाठी उकडलेले कंद कुटताना दुसऱ्या कुणाला मुसळाला हात लावू देत नाही. तिने तुझी वाट बघणं सोडलेलं नाही. तुझी पोकुआ वारली, तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर तू अक्राला गेलीस ती गेलीसच. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझं चित्रपुस्तक स्पर्धेतून बाद झाल्याचं तुला कळलं असेल. कारण न देता दोन ओळींत कळवलं असेल. कारण मी सांगते, पण जरा दमाने वाच.

यंदाची सर्वोत्तम चित्रपुस्तकं निवडायला मलाही बसवलं होतं. मुलांच्या वाचनालयात केस पांढरे केले, त्याचं हे फळ. पहिलं येणारं पुस्तक देशभरच्या शाळांत जाणार होतं. चित्रकारांची नावं झाकलेली होती. बहुतेक पुस्तकांत सिंह नाहीतर कासव, आणि शेवटी उपदेश. माझ्या शेजारी बसलेल्या परीक्षक ड्वोमोबाई म्हणाल्यासुद्धा, या कासवांनीच मुलांना पुस्तकांचा कंटाळा आणलाय. मग तुझं पुस्तक निघालं. पहिलं पान उलटलं आणि मी ओळखलं. आपलंच अंगण, आपलाच माठ, आणि एक खांदा खाली टाकून उभी असलेली आपली पोकुआ. मी तेव्हाच उठून, हे माझ्या घरचं आहे, असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ती शाळाशाळांतून पोचलेली बघायची हाव सुटली मला.

पुस्तक सगळ्यांना आवडलं. अडलं ते पाण्याच्या पानावर. पाहुणा आलाय आणि ती पेला पुढे करते आहे, डाव्या हाताने. आमच्यातल्या आमांक्वा मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. वडीलधाऱ्याला डाव्या हाताने पाणी? हे शाळेत गेलं तर पालक पुस्तक चुलीत घालतील, म्हणाले. एवढं एक चित्र बदललं तर पहिला नंबर याचाच, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. अध्यक्ष ओपोकु यांनी नाव न घेता, सगळ्यांना ऐकू येईल असा चित्रकाराला फोन लावला.

इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, सेरवा, आणि तोही असा.

मला वाटलं, तू भांडशील. तान्ही असताना दवाखान्यात इंजेक्शनची सुई चुकीच्या जागी टोचली आणि तिचा उजवा हात कायमचा लुळा पडला, हे सांगशील. काहीही देताना ती "हात डावा आहे, राग मानू नका" म्हणायची, बकरीला पाला घालतानासुद्धा म्हणायची, तेही सांगशील. तू एवढंच म्हणालीस, "बदला. एकदा तरी उजव्या हाताने देऊ दे तिला."

त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला मात्र ते पटलं नाही. तरीही मी हरकत घेतली नाही. ओपोकुंनी निकाल लिहायला घेतला. मास्तर पिशवी आवरता आवरता, मनात काही वाईट नसताना बोलून गेले, "घरात वळणच नाही, दुसरं काय. पोरीला कुणी शिकवलंच नसणार."

आणि मी उभी राहिले. म्हटलं, "ती माझी मुलगी आहे. तिचा उजवा हात उचलत नव्हता."

ओपोकु भला माणूस. त्यांनी मला सुटायला वाट काढून दिली. "म्हणजे ओळखीतली. शेजारपाजारची. असंच ना, कोनादू?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण आपल्या भाषेत आईच्या बहिणीला आईखेरीज वेगळा शब्द तरी आहे का? ती मलाही आईच म्हणायची. शेवटच्या तापात "आई, पाणी" म्हणाली, तेव्हा आपण दोघीही उठलो होतो. मी म्हटलं, "माझी. मी तिची आई."

परीक्षकाच्या घरचं पुस्तक चालत नाही. तिथल्या तिथे बाद झालं. पहिलं काय आलं ते विचारू नकोस.

तू एकच गोष्ट मागितली होतीस आणि ती मी हिसकावून घेतली. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण खोटं कशाला बोलू, पुन्हा तीच वेळ आली तरी माझ्याने बसवणार नाही. उजव्या हाताने पाणी देणारी ती मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. तुला ती हवी होती, मला ती सोसवली नाही, आणि आपल्या दोघींच्या ओढाताणीत पोर एकाही शाळेत गेली नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. शिव्या द्यायला का होईना, घरी ये.

तुझी थोरली बहीण, आणि आज तुला कितीही खुपलं तरी, पोकुआची आई,

कोनादू