देवीमागची फळी

चिंचणी,
ता. ८ जून २०२५

चि. सौ. तेजल हीस भगवंतमामाचे अ. उ. आ.

आधी सगळ्यांच्या तब्येती. तुझ्या पायाचं प्लास्टर कसं आहे? आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नकोस, फुंकर मार. तुझ्या आईचे गुडघे? मंदाला विचारशील तर बरंच हाय म्हणेल. माझी बहीण मला ठाऊक आहे, तू तिला जिना चढताना बघ. हितेशरावांची रात्रपाळी संपली का, की अजून दिवसा घोरतात?

माझा उजवा खांदा धरलाय. कान तर इंजिनने कधीच खाल्ले. फोनवर तू बोलतेस की बोट, तेच कळत नाही, म्हणून हे पत्र राहीबाईच्या सुकटीच्या टोपलीतून. वास आला तर माहेरचा समज.

खरं दुखणं आपल्या बोटीचं, ‘मंजुळाई’चं. मे महिन्यात माझा धर्मेश खोल पाण्यात असताना पंपातलं रबरी चक्र फाटलं, इंजिनला थंड पाणी मिळेना. काम चार बोल्टांचं. पण पंप इंजिनच्या पुढच्या अंगाला आणि वाट फक्त मागच्या झाकणातून. डोकं खाली, पाय आभाळाला, तेव्हा कुठे बोटं टेकतात. धर्मेशचा जाडा हात शिरेना. दिवसभर वाहवत गेले बिचारे. शेवटी घिवलीच्या एका बोटीने दोर टाकून ओढून आणलं. त्या माणसांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

सूनबाई दीपिकाने साफ सांगितलंय, की माझ्या नवऱ्याला आणायला दरखेपी दुसऱ्याची बोट येणार नाय. नारळी पौर्णिमेच्या आत पंपाला हात पोचला पायजे, नायतर बोट विकायची. गिऱ्हाईकही तयार आहे. ती चुकीचं बोलत नाही, हेच जास्त लागतं.

तू बोईसरला कारखान्यात मशिनींची चित्रं काढतेस, एक मामाच्या बोटीसाठी काढ. मापं दोरीला गाठी मारून पाठवतोय. एक गाठ केबिनच्या जमिनीपासून पंपापर्यंत, लाल चिंधीवाली डाव्या भिंतीपासून, तिसरी केबिनच्या मागच्या भिंतीपासून. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भगवंतमामा

बोईसर,
ता. १४ जून २०२५

ती. स्व. भगवंतमामा यांस तेजलचा सा. न. वि. वि.

पत्र आणि दोरी मिळाली. दोन्ही आईने आधी हुंगली, मग माझ्या हाती दिली. गुडघे दुखत नाहीत म्हणते आणि जिना एकेक पायरी मोजत चढते, तुमचं खरं ठरलं. हितेश घोरतातच.

मामा, तुम्ही इतकी वर्षं दार सोडून कौलांतून घरात शिरताय. पंप केबिनच्या मागच्या भिंतीपलीकडे जेमतेम वीतभर आहे. त्या भिंतीलाच खिडकी कापा, मांडी घालून बसल्या जागी काम होईल. आमचे साहेब म्हणतात, जिथे हात पोचत नाही त्याची निगा कोणी राखत नाही. चित्र सोबत आहे. सुतार झुंबरकाकांना दाखवा, ते नीट कापतील. प्लास्टरमुळे मला येता येत नाही, याची रुखरुख आहे. लोभ आहेच, तो असाच भरतीवर राहो.

आपली,
तेजल

चिंचणी,
ता. २२ जून २०२५

चि. सौ. तेजल हीस अ. उ. आ.

झुंबर सुताराला बोलावलं. चौदा वर्षांपूर्वी त्याने माझा तेरा नंबरचा पाना लांबवला, तरी बोलावलं, कारण लाकडात त्याच्यासारखा हात नाही. पान्याचं नाव काढलं की अजून शपथा घेतो. त्याने तुझ्या कागदावरून खडूने चौकोन आखला आणि खडू खाली ठेवला. चौकोन नेमका भिंतीवरच्या देवीच्या जागी आला.

ती जागा हलवायची नाही, पोरी. मी काविळीने अंथरुणाला होतो, त्या पावसाळ्यात तुझ्या बापाने एकट्याने बोटीची डागडुजी केली. वर्षभर मी त्याच्या, महादूच्या मागे लागलो होतो, की देवीसाठी चांगली जागा कर. पौर्णिमेला चार दिवस असताना तो गेला. मी काठी टेकत बोटीवर गेलो, तर भिंतीत कोरी नवी फळी. माझा शब्द त्याने राखला होता. तिथेच देवी बसवली. दरवर्षी पौर्णिमेआधी रंगाचा पहिला हात त्या फळीला देतो आणि मग तिला हात जोडतो. तिला करवत कशी लावू? दुसरं काही सुचतं का बघ. ममता असू दे.

तुझा,
भगवंतमामा

बोईसर,
ता. २९ जून २०२५

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

दुसरं काही सुचत नाही. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती डोळे पुसत म्हणाली, की दादाला सांग, माझ्या नवऱ्याने फळी सोडून माणूस जपला असता. देवीला पुढच्या बाजूला बसवा, तिथे तिला समुद्र तरी दिसेल. चौदा वर्षं बिचारी डिझेलचा धूर खाते आहे.

कापायची नाही म्हणता, तर नुसती उचकटून बघा. बाबांची फळी मला जपून पाठवा. घरी ठेवीन.

आपली,
तेजल

चिंचणी,
ता. १३ जुलै २०२५

चि. सौ. तेजल हीस, आणि मंदालाही, भगवंताचे अ. उ. आ.

हे पत्र दोघी एकत्र वाचा.

देवीला नारळ दिला, क्षमा मागितली आणि उचलून पुढे बसवली. झुंबर रंग खरवडायला लागला. चौदा वर्षांचे चौदा थर निघाले, निळे, हिरवे, पुन्हा निळे. त्यांच्याखाली चार स्क्रू, डोक्यांवर मेण थापलेलं. फिरवले तर लोण्यातून निघावेत तसे निघाले. फळी उचलून हातात आली आणि समोर पंप!

तेजल, ती देवीची जागा नव्हतीच. तुझ्या बापाने मला वाट करून ठेवली होती. दाखवायला तो राहिला नाही, आणि मी मूर्खाने तिच्यावर देवी बसवून चौदा वर्षं रंग फासला. आतून त्याने आवाज अडवायला रबर लावलं होतं, त्यामुळे मागून कधी कळलं नाही. त्या रबराच्या खिशात, ग्रीसच्या चिंधीत गुंडाळून, तेरा नंबरचा पाना होता. झुंबराने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, पाया नको, सुरमईचं कालवण दे. शुक्रवारी दिलं.

दीपिका स्वतः आत बसली. मांडी घालून, पदर खोचून, त्याच पान्याने चारही बोल्ट सोडवून नवं चक्र घातलं. बाहेर आली ती गिऱ्हाइकाला फोन लावतच. बोट इकायची नाय, एवढंच बोलली आणि हात धुवायला गेली.

तुझा कागद त्या भोकाला लावून बघितला. जागा तंतोतंत तीच. फक्त बापाची वाट तुझ्यापेक्षा चार बोटं रुंद आहे. रात्रभर विचार केला तेव्हा कळलं: तू पंपाचं माप धरलंस, त्याने माझ्या खांद्याचं. तुला न दिसलेली वाट तू शोधलीस, याहून जास्त तुझं काय कौतुक करू?

फळी मात्र पाठवत नाही. ती रोज उघडायची आहे. झुंबर तिला बिजागरी लावतोय.

पौर्णिमेला या सगळे. नारळ पहिला मंदाच्या हातचा. प्लास्टर कधी निघतं, मंदा काय म्हणाली, ते लगेच लिही. राहीबाईला मी मंगळवारी बोईसरला पाठवतोय. उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, असं तिला बजावलंय.

तुमचा ऋणी,
भगवंत