कोपऱ्यावर उतरवा

ती. आईस,
वाकून नमस्कार, पण आज जरा रागावून.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. काल आमच्या ॲम्ब्युलन्समध्ये एक आजी होत्या. धाप लागलेली, तरी म्हणतात कशा, "कोपऱ्यावर उतरवा, पुढं चालत जाईन. तेवढंच भाडं वाचेल."

मी समजावलं, "आजी, सगळे ॲम्ब्युलन्सचे मालक सरकारकडे फी भरतात, सरकार त्यात भर घालतं, त्यातून तुमच्यासारख्या सरकारी विमावाल्यांच्या फेऱ्यांचा खर्च निघतो; तुम्हाला भाडं नाही. भिशीच समजा." तेव्हा कुठे त्यांनी मास्क लावू दिला.

ताई म्हणाली, छातीत दुखत असताना तू दवाखान्यात चालत गेलीस. तुझाही तोच विमा आहे ना गं?

पुन्हा दुखलं तर गाडी बोलाव. त्यात मी नसेन, पण असेल तो कुणाचा तरी मुलगाच.

तुझा,
धाकटा