नानांना न उठवता

शीतलला कळा सुरू झाल्याचा जावयाचा फोन धुळ्याहून सकाळी सहाला आला. भाईदासनाना एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून झोपलेले होते. कुमुदताईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं :

“अहो, शीतलला दवाखान्यात नेलंय, मी गाडी घेऊन निघाले. तुम्हाला उठवलं असतं तर पट्टीसकट गाडी चालवायला बसला असता. रस्ता सांगणारं जीपीएस काचेला लावलंय. तुमचं त्याच्याशी पटत नाही, पण माझं जमतं. वळण चुकलं तरी ते ओरडत नाही, पुढून रस्ता काढून देतं. भाकरी झाकून ठेवलीय. आठला थेंब टाका, डोळा चोळू नका. एरंडोलला थांबून फोन करते.”

जळगावच्या बाहेर त्या पहिल्यांदाच एकट्या गाडी नेत होत्या. एरंडोलला त्यांनी गाडी कडेला घेऊन घरी फोन लावला. नानांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“रागावलात?”

“चिठ्ठी तीनदा वाचली. ते जीपीएस काय म्हणतंय?”

“सरळ जा म्हणतंय.”

“बरोबर सांगतंय,” नाना म्हणाले. “आता मी मधे बोलत नाही, त्याचंच ऐक.”

पावणेनऊला कुमुदताई दवाखान्यात पोहोचल्या, बाळाच्या आधी.