तुमच्या बेअरिंगांसाठी वाढवलेली जागा

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझ्या घरातली जागा तुम्ही अडवून बसला आहात. वायफायच्या डब्याशेजारी एक काळी पेटी आहे. तिच्यात दोन डिस्क. घरातले फोटो, कागद, माझं लिखाण एकीवर जे, तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी सांभाळते. परवा पेटी भरली. कशानं म्हणून बघतो तर तुम्ही! खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात फिटर असताना मोबाइलवर घेतलेले बेअरिंगांचे शेकडो व्हिडिओ. माझं सगळं लिखाण, ज्यात मी मंत्र्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही, ते मिळून तुमच्या एका खडखडत्या मोटारीच्या व्हिडिओएवढं भरत नाही. हा अपमान मांडायचा कुणापुढे? बरं, इतकं चित्रण केलंत, एकात तरी तुमचा चेहरा? नाही. आईचा? तोही नाही. ग्रीस, पंखा आणि तुमचा अंगठा.

बायको म्हणाली, "अहो, काढून टाका ना. ऐकतंय कोण?" सिल्वासातला दुकानदार तर हसलाच. "साहेब, आ तो बधा मशीनना अवाज छे. डिलीट मारो ने!" मी असा खेकसलो की त्यानं निमूट दोन मोठ्या डिस्क काढून दिल्या. वर बजावलं, एकदम दोन्ही बदलायच्या नाहीत. एक बदला, तिच्यावर सगळं उतरू द्या, मगच दुसरी. आणि दुसरी बसेपर्यंत जागा तसूभरही वाढणार नाही. दोहोंतल्या एका डिस्कनं आधीच मान टाकली होती, ती काढली. आता सगळा भार एकट्या जुन्या डिस्कवर, आणि ती सकाळपासून कुरकुरते आहे. तिसरी प्रत कुठे नाही. ही गेली, तर तुमचा उरलासुरला आवाजही गेला.

मग मी तुमचा जुना स्क्रूड्रायव्हर काढला. हसू नका. टोक पेटीवर, मूठ कानाला. मी कॉलेजात आहे, तुम्ही मला शिफ्टला घेऊन गेला आहात. अशीच मूठ माझ्या कानाला लावून विचारताय, "ऐक रे भो, आतली गोळी घासते आहे. आला आवाज?"

"सगळं सारखंच वाटतंय."

"कान काय चष्मा अडकवायला दिलेत? नीट ऐक. आता?"

"आला."

झालं. तुम्ही अख्ख्या शिफ्टला सांगत सुटलात, पोराला कान आहे! पुढे हातात मोबाइल आला आणि तुम्ही मला व्हिडिओ पाठवायला लागलात. प्रत्येकाच्या शेवटी तेच, "हे तुझ्यासाठी घेतलंय. ओळख बरं, काय बिघडलंय?" मी एकाचंही उत्तर दिलं नाही, आणि तुम्ही एकदाही 'का रे' म्हणून विचारलं नाहीत. निदान शिव्या तरी घालायच्या होत्या, आबा! तेवढंही सुख दिलं नाहीत.

जुनी डिस्क टिकली. संध्याकाळी दुसरी बदलली, जागा दुप्पट झाली, तुम्ही सगळे सुखरूप उतरलात. हे पत्रही त्याच पेटीत ठेवतो, फारशी जागा घेणार नाही. मघापासून तुमचे वीसेक व्हिडिओ ऐकले. सगळे सारखेच.

त्या दिवशीही मला काही ऐकू आलं नव्हतं. भूक लागली होती, म्हणून 'आला' म्हणालो.