सिडिलण्णाची मिशी

बसवकल्याण, शनिवार, संध्याकाळ

थोरल्या अक्काचा खोकला कमी आहे, सुनेची डोकेदुखी थांबली, नातीचा ताप गेला. माझे गुडघे आहेत तसेच. घरात सगळे बरे, तरी मनाला चैन नाही, आणि तेही एका मिशीपायी.

अक्काची नजर गेल्यापासून कन्नड कॉमिक मी तिला मराठीतून वाचून दाखवतो. लहानपणापासून आम्ही दोघं त्यातल्या नायकाचे, सिडिलण्णाचे वेडे. हाणामारीआधी हा गडी मिशीला ताव देणारच. आजच्या नव्या अंकात मिशीच नाही! तोंड गुळगुळीत, बोहल्यावरच्या नवरदेवासारखं. सांगितलं तर अक्का ऐकणंच सोडेल, या धास्तीनं मी मिशीचा विषयच टाळून वाचत सुटलो.

"ताव कामून देईना गा ह्यो?" अक्कानं अडवलंच.

"घाईत हाय."

"कितीबी घाई असू दे. तू कायतरी लपवायलास."

सांगावं लागलं. वाटलं, झालं, मोडली आमची संध्याकाळची बैठक. एवढं काय असतं मिशीत? पण मलातरी कुठं रुचलं होतं...

मग अक्का म्हणाली, "कागद घे. छापणाऱ्यांना लिही, मिशी कामून काढली ते लवकर कळवा. तुमचं उत्तर येईस्तोवर माझा भाऊ सिडिलण्णाला मिशी लावूनच वाचील."

"आन् उत्तर न्हाई आलं तर?"

"तर तसंच वाचायचं. चल, वाच पुढं. आधी ताव दे."

दिला ताव, आणि पान उलटलं.