रिकामा आवळलेला बुश

३ मार्च, सोमवार
चार मिनिटं! घड्याळ लावून चार. पुठ्ठा कापायच्या मशीनवर नव्या मापाची पाती बसवायला एरवी दोन तास जायचे — पाचर ठोका, डायलची सुई बघा, हलली की पातं वाकडं, पुन्हा ठोका. आज नवे हायड्रॉलिक बुश आले, आत तेल भरलेली जाड पोकळ कडी. पात्याच्या चाकात बुश बसवायचा, शाफ्टवर सरकवायचा, एकच स्क्रू आवळायचा. आतल्या तेलावर दाब येतो, बुश फुगतो आणि शाफ्टला मिठीच मारतो.

फोरमन म्हणाले, "पुढच्या सोमवारी तुला सेटर म्हणून कायम करायचं बघतो. तोवर घोळ घालू नकोस."

घरी बाबांना सांगितलं, तर म्हणे, "तेलानं वस्तू घसरते, धरून ठेवत नाही!" झालं! तीस वर्षं याच मशीनवर पाती बसवणारे सेटर होते ते. त्यांना कोण शिकवणार?

४ मार्च, मंगळवार
बाबांचा चहा आज पुन्हा कपात कमी, बशीत जास्त. मी न बघितल्यासारखं केलं.

कामावर असताना त्यांचा हात थरथरायला लागला आणि एकदा हातोडा पाचरीऐवजी पात्यावर बसला. कुणी ब्र काढला नाही. हेच घरी येऊन बसले. दोन वर्षं झाली. भाजी आणायलासुद्धा लांबच्या वाटेनं जातात, कारखाना दिसू नये म्हणून.

६ मार्च, गुरुवार
फार मोठी चूक झाली. एक सुटा बुश न विचारता पिशवीत घालून घरी आणला. बाबांना दाखवायचा मोह!

चष्मा शोधला त्यांनी. बुश उलटापालटा करत कितीतरी वेळ बसले. "कारागिरी आहे हं," म्हणाले. असे डोळे किती दिवसांनी बघितले मी! तेवढ्यात दूध उतू जायला लागलं, म्हणून मी आत पळाले. येऊन बघते तर त्यांच्या जुन्या हत्यारांतली स्क्रू आवळायची ॲलन की हातात, आणि बुश रिकामाच आवळलेला.

आत शाफ्ट नसला की बुश आपला फुगतच जातो, मग मूळ मापावर परत येत नाही. गेला कामातून. बाबांना हे कसं माहीत असणार? सांगायचं माझंच राहिलं.

"बघ, कसा घट्ट आवळला," म्हणाले आणि हसले. काय हसले! "हो बाबा," एवढंच म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार
फोरमनना सांगितलं — मीच नेला, मीच आवळला.
"तू? अगं, रिकामा आवळायचा नाही म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना!"
कायम करायचं आता अवघड दिसतंय, म्हणाले.
मी खोटं बोलले. त्याचं वाईट वाटत नाही. कायम होणं हुकल्याचं मात्र वाटतंय, खूप वाटतंय.

९ मार्च, रविवार
बाबांनी पकडलंच. "चेहरा का उतरलाय?" काही नाही, म्हटलं. "खोटं बोलताना तू कान चोळतेस. आईवर गेलीस." शेवटी सगळं सांगून टाकलं.
रागावले नाहीत. अर्धी पोळी तशीच ठेवून उठले. मग शर्टाला इस्त्री करत बसले. एकाच बाहीला तीनदा.

१० मार्च, सोमवार
मशीनपाशी गेले तर बाबा माझ्याआधी तिथं! फोरमनसमोर ताठ उभे. "बुश मी बिघडवला. पोरीच्या माथी नको."

फोरमन बाबांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी नवा बुश पात्याच्या चाकासकट शाफ्टवर सरकवला आणि की बाबांच्या हातात दिली. "वस्ताद, आता आवळा." मग माझ्याकडे वळून, "सेटर, डायल लावा."

लावला. शाफ्ट फिरवला. बाबांचा हात अजून थरथरत होता.

सुई हलली नाही.