चिठ्ठी सुटलेला बोल्ट

२ मार्च
लाल पिंजऱ्याची किल्ली आजपासून माझ्याकडे! विमानाचे बाद झालेले सुटे भाग त्यात कोंडायचे, मग घणाने असे ठेचायचे की पुन्हा कुणी लावायला नको. नववी नापास पोराच्या हातात किल्ली. विमानतळावरच्या आमच्या स्टोअरच्या बाई म्हणाल्या, "हरवलीस तर तुलाच आत कोंडीन."

५ मार्च
बाबांचा फोन. "मी मोडलेलं जोडतो, माझा पोरगा धडधाकट मोडतो. वा." गॅरेजच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली 'आणि मुलगा' आहे — मी रांगत होतो तेव्हापासून. रविवारी विमानाने येतायत, मला कायमचं घरी न्यायला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

९ मार्च, रविवार
बाबांना आणायला जाणारं विमान इथूनच सुटायचं होतं. एक बोल्ट बदलायचा राहिलेला. घाईत माझ्याच हातून दोन पिशव्या टेबलावर सांडल्या — एक पास झालेली, एक पिंजऱ्यात जायची. पास झाल्याची चिठ्ठी पिशवीवर असते, बोल्टावर नाही. सगळे बोल्ट जुळ्या भावांसारखे.
मेकॅनिकदादा म्हणाला, "हा दे, कसा चकाकतोय बघ. कोण विचारतंय?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पास झालेला हाच, खात्री आहे?"
"नाही."
झालं. सगळे पिंजऱ्यात. दुसऱ्या विमानतळावरून चिठ्ठीसकट नवा बोल्ट येईपर्यंत विमान जागचं हललं नाही. दादाने माझा उद्धार केला, पण पाना खाली ठेवला तोही त्यानेच. सांडलं याची लाज वाटायला हवी होती. छातीच फुगली उलट.

१० मार्च
बाबा जेवतानाही तणतणत होते. "दिवसभर बाकड्यावर बसवलं. कशापायी, तर एका बोल्टापायी. कुठला गाढव बसलाय तिथं?"
"मीच तो."
बाबांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "चांगले असतील की रे ते बोल्ट."
"असतीलही. पण चिठ्ठी सुटली की भरवसा सुटला. आभाळात गाडी कडेला घेता येत नाही, बाबा."


१२ मार्च
परत गेले. एकटेच. न्यायचं नावही काढलं नाही — रागावले का, कळेना.

२० मार्च
आईचा फोन. बाबांनी रंगारी बोलावून 'आणि मुलगा' पुसून घेतलं. गिऱ्हाईक विचारत होतं, मुलगा कुठाय? म्हणाले, "त्याच्या एका 'नाही'वर विमान थांबतं. इथं काय करेल तो?"